डिझेल, खत, गॅस आणि कांदा: महागाईचं बिल शेवटी कोणाच्या पट्टीतून कापलं जातं?

गोदाकाठ
जगात तेल आणि धान्य महागलं की बातम्यांत ठरलेलं वाक्य येतं, विकसनशील देशांना झळ बसणार. ही झळ कुठून शिरते, किती पैशांची असते आणि कोण सोसतं, हे मात्र कुणी मांडत नाही. म्हणून हा धागा. नाशिक जिल्ह्यातले वाहतूकवाले, बाजार समितीत वावरणारे, किराणावाले इथे बरेच आहेत. हिशोब मांडा, पक्षांचं राजकारण नको.

सुरुवात मी करतो. २०२२-२३ च्या कुटुंब खर्च पाहणीप्रमाणे ग्रामीण भारतात खर्चातले सुमारे ४६ टक्के आणि शहरांत ३९ टक्के पैसे खाण्यावर जातात. अमेरिकेत हॉटेलातलं खाणं धरूनही हा वाटा उत्पन्नाच्या ११ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे अन्न २० टक्क्यांनी महागलं तर तिकडच्या घराला दोन-सव्वादोन टक्क्यांचा खड्डा, आणि येवल्या-नांदगावच्या घराला नऊ टक्क्यांचा. त्या नऊ टक्क्यांसाठी आधी दूध कमी होतं, मग डाळ पातळ होते, मग मुलांची शिकवणी बंद होते.

इंधनाचं गणित सोपं आहे. लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त आपण बाहेरून आणतो. एका पिंपात १५९ लिटर. डॉलर ८५ रुपये धरला तर पिंपामागे १० डॉलर वाढले की लिटरला सव्वापाच रुपये वाढतात. तेल ८० डॉलरवर स्थिर राहिलं आणि नुसता डॉलर एका रुपयाने महागला, तरी लिटरला ५० पैसे. पंपावर ते लगेच दिसत नाही, कारण मधे तेल कंपन्या काही काळ तोटा सोसतात किंवा केंद्र अबकारी कर कमी करतं. मे २०२२ मध्ये पेट्रोलवर ८ आणि डिझेलवर ६ रुपये कमी केले होते. तो पैसा तिजोरीतून गेला, म्हणजे बिल दुसऱ्याने भरलं.

पहिला प्रश्न: डिझेल १० रुपयांनी वाढलं तर कांदा किलोला किती वाढायला हवा?

सिन्नर_ट्रान्सपोर्ट
लोकांना वाटतं त्यापेक्षा फार कमी.

लासलगाव ते वाशी साधारण सव्वादोनशे किलोमीटर. १६ टन भरलेली दहाचाकी लिटरला चार किलोमीटर देते, परत येताना रिकामी साडेपाच देते. जाऊन-येऊन शंभर लिटरच्या आत-बाहेर. १० रुपये वाढले तर खेपेला हजार रुपये. ते १६ हजार किलोवर वाटा, किलोला सहा-सात पैसे.

लांबचं घ्या. गुवाहाटी अडीच हजार किलोमीटरच्या आसपास. २५ टनांची गाडी, भरलेली साडेतीन देते. जाताना सातशे लिटर, म्हणजे किलोला २८ पैसे. परतीचा माल मिळाला नाही आणि गाडी रिकामी आणावी लागली तर ४७-४८ पैसे.

यात एक गोष्ट सुटते, ती लिहितो. बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) गाड्यांना डीईएफ, म्हणजे धूर साफ करणारं द्रावण लागतं, डिझेलच्या चार-पाच टक्के. त्यात ३२.५ टक्के युरिया असतो. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो. म्हणजे वायू महागला तरी गाडीभाड्यात तो दुसऱ्या दाराने येतो. टायरचंही तसंच, कृत्रिम रबर आणि काजळी दोन्ही तेलातूनच येतात. तरी सगळं धरून वाशीला किलोमागे दहा-बारा पैशांच्या वर काही जात नाही. 'डिझेल वाढलं म्हणून कांदा पाच रुपयांनी महाग' हे वाक्य वाहतूकवाल्यांच्या माथी मारू नका.

पंचवटी_किराणा
भाऊ, तुमचा हिशोब मोठ्या गाडीचा आहे. शेवटचे दहा किलोमीटर मोठी गाडी जात नाही.

बाजार समितीतून सातपूर किंवा इंदिरानगरच्या भाजीवाल्यापर्यंत छोटा टेम्पो जातो. त्याचं भाडं लिटरवर ठरत नाही, खेपेवर ठरतं. ६०० चे ७०० झाले आणि टेम्पोत ४०० किलो माल असेल तर किलोला थेट २५ पैसे. लासलगाव ते वाशीच्या चौपट, तेही दहा किलोमीटरसाठी. पुढे भाजीवाला पावकिलोत विकतो. पावकिलोला रुपयाच्या खाली भाव बदलताच येत नाही, त्यामुळे २५ पैशांचा खर्च किलोला चार रुपये होऊन गिऱ्हाइकापर्यंत येतो. यात त्याची लबाडी नाही. दिवसाअखेर पाच-सात टक्के माल सडका-दबका निघतो, तो खर्चही त्याला त्याच चार रुपयांतून काढायचा असतो.

आणि टक्केवारी विसरू नका. २०१६ पासून फळं-भाजीपाल्यावरची अडत (अडत्याचं कमिशन) शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घेतात. ती टक्क्यांत असते. मूळ भाव वाढला की अडतीचे रुपये आपोआप वाढतात, काम तेवढंच असलं तरी.

मात्र किराण्यात खरा धक्का तेलाचा बसतो, खायच्या तेलाचा. आपण लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त आयात करतो. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल रशिया-युक्रेनकडून. इथे वाहतुकीसारखं सहा पैशांचं गणित नाही, पूर्ण किंमतच डॉलरमध्ये. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क २० टक्के केलं, मे २०२५ च्या शेवटी १० टक्क्यांवर आणलं. वाढवलं तेव्हा कारण सोयाबीन शेतकऱ्याचं, कमी केलं तेव्हा कारण गिऱ्हाइकाचं. दोघांना एकाच वेळी खूश ठेवणारा शुल्काचा दर नसतोच.

निफाडकर
आता शेतातला हिशोब. उन्हाळ कांद्याला नांगरणी, रोटर, वाफे, फवारणी, काढणीनंतरची ओढ, सगळं मिळून एकरी २५ लिटर डिझेल धरा. १० रुपये वाढीने २५० रुपये. एकरी १०० क्विंटल निघाला तर क्विंटलला अडीच रुपये, किलोला अडीच पैसे. म्हणजे डिझेल थेट काहीच करत नाही असं वाटेल.

पण लागवड टोळीने होते. सुरगाणा, पेठकडून माणसं येतात, दर एकरावर ठरतो, सध्या बारा-पंधरा हजार. गावाकडून जीप भरून आणायची ती शेतमालकाच्या खर्चाने. तेल, डाळ, गॅस महागला की टोळी पुढच्या हंगामात दोन हजार वाढवून मागते, आणि ते मागणं रास्त आहे. दोन हजार म्हणजे किलोला २० पैसे, ट्रॅक्टरच्या डिझेलच्या आठपट. डिझेल पंपातून शेतात येत नाही, मजुराच्या चुलीवरून येतं.

आता खत. राहुरी विद्यापीठाची कांद्याची शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० स्फुरद, ५० पालाश. एकरी ४०:२०:२०. स्फुरदासाठी डीएपी घेतलं तर ४३-४४ किलो, त्यातून आठेक किलो नत्र येतं. उरलेल्या ३२ किलो नत्रासाठी ७० किलो युरिया, म्हणजे ४५ किलोची दीड गोणी. पालाशसाठी ३३ किलो एमओपी. युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. २०२२ च्या एप्रिलमध्ये जगात युरिया टनाला ९०० डॉलरच्या वर गेला होता. त्या दराने तीच गोणी तीन हजारांच्या पुढे पडली असती. मधला फरक केंद्राने भरला, त्या वर्षी खत अनुदान अडीच लाख कोटींच्या घरात गेलं.

यातून काय बिघडतं ते सांगतो. युरियाची किंमत बांधलेली, बाकीची खतं मोकळी. म्हणून डीएपी किंवा एमओपी महाग झालं, किंवा मिळालंच नाही, की माणूस युरिया जास्त टाकतो. नत्र लागवडीवेळी निम्मं आणि बाकीचं ३० व ४५ दिवसांनी दोन हप्त्यांत द्यायचं असतं. साठ दिवसांनंतर युरिया टाकला की पात माजते, मान जाड राहते, कांदा नीट सुकत नाही. शेतात तो टपोरा दिसतो. चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर मांडवात) जुलैमध्ये मानेतून काळा पडायला लागतो. खताच्या जागतिक बाजारातली गडबड सहा महिन्यांनी चाळीच्या तळाशी सापडते ती अशी.

सातपूर_शिफ्ट२
निफाडकर, मग शहरातल्या माणसाला महाग पडूनही शेतकऱ्याला का मिळत नाही, ते पण लिहा की. कंपनीत कंत्राटावर काम करणाऱ्याने कांदा ६० रुपयांनी घ्यायचा आणि तरी लासलगावात लिलाव बंद पाडायची वेळ यायची, हे कसं?

निफाडकर
दोन वेगळ्या महिन्यांतले, दोन वेगळे कांदे आहेत दादा.

उन्हाळ कांदा मार्च ते मे निघतो, चाळीत राहतो, ऑक्टोबरपर्यंत देशाला पुरतो. वर्षाच्या उत्पादनातला साठ-सत्तर टक्के तोच. खरिपाचा लाल आणि मागून येणारा रांगडा टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. भाव चढतो तो सप्टेंबर-नोव्हेंबरमध्ये, चाळी रिकाम्या आणि लाल अजून आलेला नाही तेव्हा. सरकार ओरडा ऐकून पाऊल उचलतं, आणि ते पाऊल लागू होईपर्यंत लाल बाजारात आलेला असतो.

२०२३ बघा. १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यातशुल्क. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य, म्हणजे त्याखालच्या भावाने माल बाहेर पाठवता येत नाही. ८ डिसेंबरपासून पूर्ण बंदी. डिसेंबरात आवक लालची. पंधरवड्यात भाव निम्म्यावर आले. ज्याने ऑक्टोबरात चढ्या भावाने विकला तो चाळवाला, आणि ज्याचा डिसेंबरात पडला तो लालवाला, हे बऱ्याचदा वेगळे शेतकरी असतात. बंदी ४ मे २०२४ ला उठली, ती ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्कासह. सप्टेंबरात शुल्क २० टक्के झालं, १ एप्रिल २०२५ ला गेलं. दीड वर्षात इतक्या वेळा नियम बदलल्यावर दुबई किंवा क्वालालंपूरचा व्यापारी दुसरीकडे माल शोधणारच.

पट्टी, म्हणजे माल विकल्यावर मिळणारी हिशोबाची पावती, हातात घेऊन पाहा. वर एकूण वजन आणि भाव, खाली हमाली, तोलाई, वाराई. भाव हजारावर आला म्हणून या कपाती कमी होत नाहीत, ट्रॅक्टरचं भाडंही तेवढंच. म्हणून भाव निम्मा झाला की हातात पडणारा पैसा निम्म्याहून कमी होतो.

कॉलेजरोड_अर्थ
निफाडकरांच्या मुद्द्याला धरूनच देशांकडे बघूया. जगात भाव वाढले की गरीब देशापुढे चारच खिसे असतात: तिजोरी, गिऱ्हाईक, शेतकरी आणि शेजारचा देश. कोणत्या खिशात हात घालायचा, हाच निर्णय. श्रीमंत देशाला पाचवा मार्ग असतो, स्वतःच्या चलनात स्वस्त कर्ज काढायचं. आपल्यासारख्यांचं तेल डॉलरमध्ये आणि कमाई रुपयात.

इजिप्तने कित्येक दशकं तिजोरीत हात घातला. शिधापत्रिकेवरची बलादी भाकरी माणशी दिवसाला पाच, किंमत ५ पियास्टर (तिथल्या पौंडाचे शंभर पियास्टर), तीस वर्षांहून जास्त काळ तीच. युक्रेन युद्धात गहू महागला, चलन घसरलं, आणि जून २०२४ मध्ये ती २० पियास्टर करावी लागली. चौपट वाढ, तरी सरकारला पडणाऱ्या खर्चाच्या पाव हिश्श्याहूनही कमी.

नायजेरिया कच्चं तेल विकणारा देश, पण तेव्हा शुद्धीकरण कारखाने बंद पडलेले होते, म्हणून पेट्रोल आयात व्हायचं. मे २०२३ च्या अखेरीस नव्या राष्ट्राध्यक्षांनी शपथविधीच्या भाषणातच अनुदान संपल्याचं सांगितलं. लिटरला दोनशेच्या आतलं पेट्रोल काही दिवसांत पाचशे नायराच्या आसपास. तिथे घरोघरी जनरेटर पेट्रोलवर चालतात, दळणाची गिरणीसुद्धा. एका दिवसात सगळं बिल गिऱ्हाइकावर टाकलं.

श्रीलंकेने तिजोरी रिकामी होईपर्यंत वाट पाहिली. मधेच २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात बंद केली, डॉलर वाचवण्याचाही हेतू होता. भाताचं पीक पडलं आणि वाचवलेल्या डॉलरांनी तांदूळ आणावा लागला. एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्जाचे हप्ते थांबवले, जुलैत राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले. पंपांवर क्यूआर कोडने आठवड्याचा कोटा मिळायचा. लक्षात घ्या, तिथे इंधन महाग होतं ही एक अडचण, आणि महाग घ्यायलाही नव्हतं ही दुसरी.

मालेगाव_पोल्ट्री
पाचवा खिसा आहे, कोंबडीचा. ब्रॉयलरच्या खाद्यात साठ टक्क्यांपर्यंत मका. दोन किलोचा पक्षी तयार व्हायला सव्वातीन किलो खाद्य लागतं, त्यात मका दोन किलोच्या जवळ. मका किलोला पाच रुपयांनी वाढला की जिवंत पक्ष्याला किलोमागे पाचेक रुपये वाढतात. इथे डिझेलसारखं पैशांत मोजायचं काम नाही.

मका का वाढला? टनभर मक्यातून ३८० लिटर इथेनॉल निघतं. पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रण करायचं ठरलं, डिसेंबर २०२३ मध्ये साखरेची टंचाई दिसली म्हणून उसाच्या रसावर मर्यादा आली, आणि कारखान्यांचा मोर्चा मक्याकडे वळला. येवला, मालेगाव, सटाण्याच्या मका उत्पादकाला भाव मिळाला, त्याबद्दल आनंदच आहे. पण इथेनॉलनंतर उरणारा चोथा, डीडीजीएस, खाद्यात सोयापेंडीच्या जागी बसतो. पेंडीची मागणी घटली, सोयाबीन पडलं. आयातीत तेलाची बचत करताना एका शेतकऱ्याचे पैसे दुसऱ्याकडे गेले. अमेरिकेत मक्याचा तिसरा हिस्सा असाच गाड्यांच्या टाकीत जातो, आणि मेक्सिकोत तोर्तियाच्या (मक्याच्या पोळीच्या) भावावरून २००७ मध्ये लोक रस्त्यावर आले होते.

गोदाकाठ
'शेजारचा देश' हा खिसा कुणी उलगडेल का? बंदीमुळे इथला भाव पडला हे कळलं. पलीकडे काय झालं?

कॉलेजरोड_अर्थ
बांगलादेश आपल्या कांद्याचा मोठा गिऱ्हाईक. २९ सप्टेंबर २०१९ ला आपण एका दिवसात निर्यात थांबवली, सीमेवर ट्रक उभे राहिले. ढाक्यात किलोला २०० टाक्यांच्या वर भाव गेला. दिल्लीत आलेल्या शेख हसीनांनी जाहीर भाषणात सांगितलं की स्वयंपाक्याला कांदा न घालायला सांगितलंय, आणि पुढे थोडी आगाऊ सूचना दिलीत तर बरं. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा तेच. त्यानंतर बांगलादेशने स्वतःची लागवड वाढवली, आणि स्वतःचं पीक येतं तेव्हा आता तेच आयात परवाने रोखतात. आज लासलगावात त्याचा फटका बसतो.

तांदळात हे जास्त भीषण. जगात पिकणाऱ्या तांदळाचा दहावा हिस्साच देशांच्या सीमा ओलांडतो, त्यामुळे एका मोठ्या विक्रेत्याने हात आखडला तरी भाव उडतो. २००७ च्या शेवटी आपण बिगरबासमती थांबवला, व्हिएतनामने थांबवला, फिलिपिन्सने घाबरून मिळेल त्या भावाला निविदा काढल्या. थाई तांदूळ काही महिन्यांत टनाला साडेतीनशे डॉलरवरून हजारापर्यंत गेला. त्या वर्षी भाताचं पीक जगभर चांगलं होतं! एप्रिल २००८ मध्ये हैतीत दंगली होऊन पंतप्रधानांना जावं लागलं.

आणि सातपूर दादा, बंदीने शेतकऱ्याचं नुकसान फक्त आपल्याकडे होतं असं नाही. इंडोनेशियाने २८ एप्रिल २०२२ ला पामतेल निर्यात थांबवली. पामचे घड काढल्यावर एक-दोन दिवसांत गाळावे लागतात. टाक्या भरल्या, गिरण्यांनी घड घेणं थांबवलं, छोटे शेतकरी जकार्तात मोर्चा घेऊन आले. २३ मे ला बंदी उठवावी लागली. डिसेंबरातला लाल कांदा आणि पामचा घड, दोन्ही थांबत नाहीत.

सातपूर_शिफ्ट२
पटलं, पण एक बाजू राहते. अंबड-सातपूरला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचा पगार महिन्याला ठरलेला. त्याच्याकडे चाळ नाही, साठा नाही. रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं, पण शिधापत्रिका बिहार-उत्तर प्रदेशात असते. एक देश एक रेशन कार्डमुळे इथल्या दुकानातून अंगठा लावून त्याच्या वाट्याचं धान्य घेता येतं, अर्धं इथे, अर्धं गावी घरच्यांनी, असंही चालतं. हे बऱ्याच कामगारांना माहीतच नाही. बंदी घालण्यापेक्षा हे नीट चालवलं तर कांदा निर्यातवाल्यालाही त्रास नाही.

चूल_आणि_गॅस
सगळे बाजारावर लिहिताय, ज्या चुलीचा उल्लेख निफाडकर भाऊंनी केला तिच्याकडे येते.

स्वयंपाकाच्या गॅसपैकी साठ टक्क्यांच्या आसपास आयात, बहुतेक आखातातून होर्मुझच्या सामुद्रधुनीतून. दर सौदी अरेबियाच्या मासिक दरावर ठरतो. उज्ज्वला योजनेत टाकीमागे अनुदान आहे (२०२५-२६ मध्ये ३०० रुपये), पण ते नंतर बँकेत येतं. टाकी घेताना पूर्ण रक्कम रोख लागते. त्र्यंबक, पेठच्या पाड्यावर रोजंदारीच्या घरात एकरकमी साडेआठशे-नऊशे (२०२५ चा दर) जमत नाहीत, म्हणून देशभरात उज्ज्वलाची सरासरी वर्षाला चार टाक्यांच्या आसपासच राहते. बाकी दिवस तुराट्या, पऱ्हाटी, गोवऱ्या. त्यांना मोठ्या टाकीऐवजी पाच किलोची टाकी मागता येते, रक्कम एकदम कमी लागते. वितरकाकडे लेखी अर्ज द्यावा.

ज्यांना टाकी परवडते त्यांनी निदान पूर्ण घ्यावी. वरच्या कड्याजवळच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं. त्यात १४.२ किलो मिळवा, तेवढं भरलं पाहिजे. काटा आणणं पोचवणाऱ्याचं काम आहे, मागायला लाजू नका. त्याच पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी अक्षर आणि वर्ष असतं. सी-२७ म्हणजे सप्टेंबर २०२७ पर्यंत तपासणीची मुदत. उलटलेली असेल तर परत पाठवा. ज्योत पिवळी आणि भांड्याला काजळी म्हणजे बर्नरची भोकं बुजलीत किंवा हवा कमी मिळतेय, गॅस वाया चाललाय. तूरडाळ, हरभराडाळ दोन तास भिजवून कुकरला लावा.

येवला_नवीन
निफाडकर, माल चाळीत ठेवायचा की काढणीलाच विकायचा, हे या सगळ्यात कसं ठरवायचं?

निफाडकर
घटीचा हिशोब आधी करा. एप्रिलमध्ये १२०० रुपये भाव आहे आणि १०० क्विंटल ठेवला. सप्टेंबरपर्यंत वजन घट, सड आणि कोंब मिळून ३० टक्के जातो असं धरा. ७० क्विंटलला तेवढेच पैसे यायला १७१४ रुपये भाव पाहिजे, त्यावर कांदा निवडण्याची मजुरी आणि सोसायटीचं व्याज. अठराशेच्या खाली काही हाती लागत नाही. म्हणून सगळा ठेवू नका. खर्च निघेल एवढा काढणीला विका, बाकीचा दोन-तीन टप्प्यांत, आणि ऑगस्टनंतर निर्यातशुल्काच्या बातमीवर लक्ष ठेवा.

घट कमी करणं मात्र पूर्ण तुमच्या हातात आहे. काढणीआधी पंधरा दिवस पाणी तोडा. निम्म्या माना पडल्या की काढा. एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असा पसरून तीन-चार दिवस शेतात सुकवा, मग इंचभर मान ठेवून पात कापा आणि दहा-बारा दिवस सावलीत पातळ थर करून ठेवा. जोड, डेंगळे (फुलाचा दांडा आलेले), जाड मानेचे आधीच विका. चाळीत थराची रुंदी चार फूट, उंची चार ते पाच फूट, त्यावर चढवू नका, तळाचा कांदा दबतो. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला आणि फटींचा हवा. एकपाखी (एका ओळीची) चाळ दक्षिणोत्तर बांधा, दुपाखी (दोन ओळींची) पूर्व-पश्चिम. पावसाळ्यात बाजूने झड येते तिथे पडदा सोडा, पण उघडीप मिळाली की लगेच वर करा, दोन दिवस बंद राहिला तरी आतला दमटपणा कोंब काढतो.